भरावाच्या जागेवर घर बांधताय? आधी खालचा गॅस बघा

पुण्यात सरळ मुरमाची जागा आता परवडत नाही, म्हणून लोक बुजवलेली खाण, नाल्याकाठचा भराव, नाहीतर फुरसुंगी-मोशी कचरा डेपोच्या आजूबाजूचे गुंठे घेतात. खाली ओला कचरा दबलेला असला की हवेशिवाय कुजून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड होतो, दोन्हीला वास नाही. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. म्हणून काडी पेटवून बघायचे उद्योग करू नका.

आधी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा इथं काय होतं, आणि गूगल अर्थवर जुनी वर्षं काढून बघा, खाण असली तर लपत नाही. नुसता राडारोडा आहे म्हणणाऱ्यावर विश्वास नको, त्यात लाकूड-कचरा असतोच.

मग बोअर मारून भोकांचा पाइप सोडायचा, वर गॅसचा कॉक, आणि टक्केवारीबरोबर गॅस किती जोरात येतोय तेही मोजायचं. एकदा मोजून शून्य आलं म्हणून नाचू नका, कारण हवेचा दाब पडला की गॅस वर येतो. इंग्लंडात लॉस्कोला मार्च १९८६ मध्ये दाब झपाट्याने पडला आणि जुन्या कचरा भरावाशेजारचा बंगला स्फोटात उडाला. तिकडे हवेचा दाब १००० मिलिबारच्या खाली असताना मोजा म्हणतात, पण पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर, इथं दाब बारा महिने ९५० च्या आसपास, त्यामुळे आकडा सोडा, दाब पडतोय का ते बघा. पावसाळ्यातही मोजा, वरची काळी माती भिजून तोंड बंद झालं की गॅस आडवा शेजारच्या प्लॉटखाली सरकतो.

बांधताना खालच्या स्लॅबखाली पोकळी ठेवून हवा खेळायला समोरासमोर जाळ्या, वर गॅस अडवणारं मेम्ब्रेन म्हणजे खास शीट (ताडपत्री नव्हे!!). बेसमेंटचा हट्ट सोडा. खरी गंमत पाइपांच्या भोकांत असते, ड्रेनेज, पाणी, लाइट जिथून वर येतं तिथं प्रत्येक ठिकाणी पाइपाभोवती कॉलर लावून सील. आमच्या एका साइटवर मेम्ब्रेन टाकून मी घरी गेलो आणि सकाळी बघतो तर सळईवाल्यांनी त्याच्यावरूनच सळया ओढलेल्या, बसलो मग पॅच मारत. तेव्हापासून काँक्रीट पडेपर्यंत मी हलत नाही.

खड्ड्यात माणूस उतरायच्या आधी गॅसचा मीटर खाली सोडून बघा, कार्बन डायऑक्साइड जड असतो, तळाशी साचतो. आणि राहायला गेल्यावर उंदीर येतात म्हणून त्या जाळ्या सिमेंटने बुजवू नका, बारीक जाळी लावा.