वर्षभर कपडे घ्यायचे नाहीत? आधी माणसं जोडा

कपडे न घेण्याचा निश्चय खानदेशात दुकानात कमी आणि घरच्या कार्यात जास्त मोडतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरची साडी, श्रावणात कानबाईच्या उत्सवाला जमणारे भाऊबंद, मग दिवाळी, मग लग्नसराई. कपडा देणं-घेणं हा इथे नात्याचा व्यवहार आहे, त्यामुळे एकट्याने मनाशी ठरवून भागत नाही. कोणाला, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचं हे आधी पक्कं करावं लागतं.

मुदत आखाजी ते आखाजी ठेवा. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या करारावर राबणाऱ्या शेतगड्याचं, साल आखाजीलाच सुरू होतं, त्यामुळे घरातल्या आजीलाही ती लगेच कळते. शिवाय त्या दिवसांत सासरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, बहिणी-भावजया एकत्र भेटतात आणि वर्षभर या निश्चयाला साथ देणारी जोडीदारीण तिथेच ठरवता येते. अडचण एवढीच की लगोलग मे महिन्यातली लग्नं येतात. म्हणून कपाट चैत्रातच उघडा.

साड्या नुसत्या मोजू नका, प्रत्येक साडीचं ब्लाउज अंगात घालून बघा. ‘नेसायला काही नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा साडी नसते, घट्ट झालेलं ब्लाउज असतं. बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, असेल तर दोन्ही बाजूंना प्रत्येक थराची अर्धा इंच माया उसवली, की पुढचे-मागचे भाग मिळून घेर 2 इंच वाढतो. हे काम पितृपक्षात टेलरकडे द्या. तेव्हा लोक नवे कपडे शिवायला टाकत नाहीत, त्यामुळे दुरुस्तीला वेळ मिळतो. दिवाळीच्या तोंडावर दिलं तर ते मागेच पडणार. लग्नाची ब्लाउजं मात्र चैत्रातच उरकून घ्या. फॉल विरला म्हणून साडी टाकू नका, फॉल बदला. सुती फॉल लावण्याआधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि साडीचा काठ चुण्या पडून वर ओढला जातो.

नियम वहीच्या एका पानावर मावायला हवेत. सूट कशाला, ते नाव घेऊन लिहा: अंतर्वस्त्रं, मुलांचा गणवेश, दोरा-हुक-फॉल-इलास्टिक, आहेरात आलेलं आणि घरात पडून असलेलं शर्ट-पँटचं कापड शिवून घेणं. ‘गरज पडली तर’ हे शब्द लिहू नका. त्या तीन शब्दांतून अख्खं दुकान घरात येतं.

आता खरं अवघड काम, आहेर. आईला आखाजीच्या आधी महिनाभर सांगा, साडी आणून झाल्यावर नाही. नुसतं ‘काही नको’ म्हटलं तर तिला वाटतं लेक रुसली. नकाराबरोबर दुसरी मागणी ठेवा: “माय, औंदा माले साडी नको. त्या पैशांत जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून दे.” देणाऱ्याचा हात रिकामा राहिला नाही की तो तुमच्या बाजूने उभा राहतो. सासरी हे तुम्ही एकटीने सांगू नका, नवऱ्याने किंवा सासूबाईंनी सांगावं. सुनेच्या तोंडून ते मानपान नाकारल्यासारखं ऐकू येतं.

एवढं करूनही मांडवात साडी, टॉवेल-टोपी हातात येतेच. तिथे नाही म्हणायचं नाही. कुंकू लावून घ्या, घरी आल्यावर देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी टाचून वेगळ्या पेटीत ठेवा. पुढच्या कार्यात आहेर याच पेटीतून जाईल, आणि चिठ्ठी असल्यामुळे ज्याची साडी त्याच्याच घरी परत जाणार नाही. गंधमुक्तीला, दुःखाच्या घरी दिलं जाणारं वस्त्र मुकाट्याने घ्यावं. तिथे आपला नियम सांगणं शोभत नाही.

जवळच्या लग्नाचा बस्ता हा सगळ्यात कठीण दिवस. सुरत असो की जळगावचं फुले मार्केट, गादीवर बसलं की समोर साड्या उलगडत जातात आणि ‘तुझ्यासाठी पण एक घे’ हे वाक्य येतंच. बरोबर जा, पण यादी आणि हिशोबाची वही स्वतःच्या हातात ठेवा. हाताला काम असलं की मन कमी ओढतं. स्वतःचं कार्ड घरी ठेवा, आणि तेवढ्या दिवसापुरतं फोनमधलं पैसे पाठवण्याचं ॲप काढून टाका.

जोडीदारीण निवडताना नेहमी खरेदीला सोबत येणारी मैत्रीण टाळा. तुमच्या मापाची जाऊ किंवा नणंद सगळ्यात बरी, कारण लग्नाला कपड्यांची अदलाबदलही होते. आठवडे बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ठरलेला फोन करा. मोह झाला तर वस्तूचा फोटो तिला पाठवायचा आणि आठ दिवस थांबायचं. मायेची माणसं इथे हमखास ढिली पडतात, ‘घे ना, एवढ्याने काय होतं’ म्हणतात. म्हणून तिचं उत्तर तिच्याकडून आधीच ठरवून घ्या: “आठ दिवसांनी विचार.” त्यापुढे एक शब्द नाही.

बचत गटात असाल तर मासिक बैठकीत साड्यांची फिरती पेटी सुचवा. दहा जणींनी प्रत्येकी तीन साड्या दिल्या तरी तीस होतात, एका लग्नसराईला पुरे. फॉलच्या आतल्या बाजूला प्रत्येकीच्या वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा टाका घाला. आठ दिवसांत धुऊन परत, आणि डाग पडला तर खर्च नेसणारीचा, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. भांडणं साडीवरून होत नाहीत, न ठरवलेल्या खर्चावरून होतात. पैठणी आणि आईची आठवण असलेली साडी पेटीत टाकू नये.

व्हॉट्सॲपवरचे साडीविक्रीचे ग्रुप सोडा. नुसते म्यूट केले तर दुपारी उघडले जातातच.

मध्येच काही घेतलं गेलं तर त्याच दिवशी जोडीदारणीला सांगा, लेबल न काढता परत करता येतं का बघा, आणि वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजू नका. पहिल्यापासून मोजायचं म्हटलं की ‘मोडलंच आहे तर’ म्हणून आणखी दोन साड्या येतात. पण पिशव्या लपवाव्या लागत असतील, त्यासाठी उधारी होत असेल, घेतल्याशिवाय चैन पडत नसेल, तर हे मैत्रिणीच्या आवाक्यातलं काम नव्हे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा किंवा टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.