इंग्लंडच्या खेड्यातला पूर्वज शोधताय? या चुका टाळा

उमरावांच्या वंशावळी कोणीतरी लिहून ठेवलेल्या असतात. सफोक काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) शेतमजुराची तशी सोय नाही. त्याच्याबद्दल लिहिलं ते पाद्र्याने, जनगणनेच्या कारकुनाने, किंवा याला आता आपल्याला पोसावं लागणार या धास्तीने गावकारभाऱ्यांनी. कागद कोणी आणि कशासाठी लिहिला हे न बघता नुसतं नाव उचललं, की शोध भरकटलाच.

नाव जुळलं म्हणजे माणूस सापडला, असं मानू नका. सर्वांत जास्त वंशावळी इथेच बिघडतात. जॉन, विल्यम, थॉमस ही नावं गावागणिक ढिगाने. समजा, १८५१च्या जनगणनेत तुमचा जॉन ४९ वर्षांचा आहे आणि त्याच गावात १८०२ सालचा एका जॉनचा बाप्तिस्मा सापडला. लगेच जोडू नका, आधी दफनांची नोंदवही बघा. तो जॉन दोन वर्षांचा असतानाच गेलेला असू शकतो. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची रीत होती, शिवाय चुलत्याच्या घरातही एक जॉन असायचाच. बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे, हेही विसरू नका. कधीकधी चार भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी उरकलेला दिसतो.

१८४१च्या वयावर विसंबू नका. त्या जनगणनेत १५ वर्षांवरच्या माणसाचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचा नियम होता, म्हणजे ४४चा माणूस ४०चा. जन्मगावही नाही, याच काउंटीत जन्मला का, एवढंच. गाव आणि कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं १८५१पासून मिळतं. म्हणून सुरुवात अलीकडून करा आणि एकेक पिढी मागे जा. १९११चा फॉर्म घरच्यांनी भरलेला आहे. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली आणि त्यातली हयात किती, हे त्यात विचारलं होतं. तान्हेपणी गेलेल्या, घरच्यांच्या बोलण्यातही न उरलेल्या लेकरांचा पत्ता तिथेच लागतो.

जन्मदाखला मिळत नाही? सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ला सुरू झाली, पण नोंद न करणाऱ्या आईबापांना दंडाची भीती १८७५पासून. आडनाव कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, तेव्हा ‘हेवर्ड’ नसेल तर ‘एवर्ड’ बघा. नोंदणीचा जिल्हा काउंटीची हद्द पाळतोच असंही नाही. सफोकमधलं ब्रँडन हे गाव शेजारच्या नॉरफोक काउंटीतल्या थेटफर्डखाली यायचं.

१७५२च्या आधीच्या तारखा. तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलायचं. लग्न मे १७२०चं आणि बाळाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२०चा दिसला, तर तो लग्नाआधीचा नाही, नऊ महिन्यांनंतरचा आहे.

चर्चची नोंदवही संपली म्हणून थांबू नका. माझ्या मते खरा ऐवज पुढेच आहे. १६६२च्या कायद्यानंतर गरिबाला कोणत्या गावाने पोसायचं यावरून गावागावांत तंटे चालत. मजूर आजारी पडला, काम सुटलं, की मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर त्याची जबानी घेत. जन्म कुठला, कोणत्या शेतकऱ्याकडे सालगडी होता, मजुरी किती, लग्न कुठे झालं, मुलांची नावं-वयं काय, सगळं त्यात येतं. वर्षभर गडी राहिला की त्याला पोसायची जबाबदारी त्या गावावर येई, म्हणून काही मालक मुद्दाम ५१ आठवड्यांचाच करार करत. ज्याला सही येत नव्हती, त्याने खाली फुली मारलेली असते. हे कागद काउंटीच्या अभिलेखागारात असतात. सगळ्या गावांचे टिकलेले नाहीत, पण विचारून तर बघा.

आणि घरातला एखादा तरणा मुलगा पुढच्या जनगणनेत दिसत नसेल, तर त्याला मेलेला धरू नका. गावात काम नसलेली कितीतरी पोरं पलटणीत भरती झाली, त्यातली काही मुंबई इलाख्यात आली. इथल्या चर्चमधल्या बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या आणि दफनांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत. लग्नाची नोंद सापडली तर आधी बापाचं नाव लिहिलंय का ते बघा. त्यावरून तो तुमच्याच घरचा की नाही, याचा पडताळा घेता येतो.