गॅरेजचं बिल तपासताय? या चुका टाळा

बिलाच्या तळाचा आकडा बघूनच ‘लुटलं’ म्हणायचं, ही पहिली चूक. जुन्या गाडीच्या बिलात तीन वेगळे खर्च असतात: बिघाड शोधण्याचा, पार्टचा आणि मजुरीचा. ‘इंजिनचं काम’ अशी एकच ओळ आणि पुढे रक्कम असेल, तर ते बिल रास्त की अवाजवी हे कुणालाच सांगता येणार नाही. आधी फोड मागा: पार्ट नंबर, नग किंवा लिटर, आणि मजुरीचे तास.

पार्टवर घासाघीस, मजुरीकडे दुर्लक्ष

पार्टची किंमत नंबर टाकून कुठेही पडताळता येते, त्यामुळे तिथे फार गडबड टिकत नाही. पाणी मुरतं ते मजुरीत. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदलायला गिअरबॉक्स एकदाच उतरतो. तिन्हींची मजुरी वेगवेगळी लावली असेल, तर एकाच कामाचे पैसे तीनदा घेतले. बऱ्याच इंजिनांत टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंपाचंही तसंच: बेल्ट उघडलेला असताना पंपासाठी थोडीच जादा मजुरी लागते.

याची उलट बाजूही बघा. गिअरबॉक्स खाली असताना क्रँकचं मागचं ऑइल सील झिरपताना दिसलं, तर ते तेव्हाच बदलावं. सील स्वस्त असतं, पण पुढे फक्त त्याच्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवणं महागात जातं. तिथे बिल वाढलं म्हणून भांडू नका.

स्कॅनरचा कोड म्हणजेच बिघाड, असं धरून चालणं

सर्वांत महाग चूक हीच. स्कॅनर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेले बिघाडाचे कोड वाचतो. पी०४२० हा कोड ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) नीट काम करत नाही’ एवढंच सुचवतो. पण एक्झॉस्टमधली गळती, मागचा ऑक्सिजन सेन्सर किंवा मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणं) यांमुळेही तो येऊ शकतो. पी०१७१, म्हणजे मिश्रणात इंधन कमी, हा कोड जुन्या गाडीत नुसता व्हॅक्यूमचा पाइप चिरला तरी येतो. म्हणून ‘कोड कोणता आला?’ एवढ्यावर थांबू नका. ‘त्यानंतर कोणती तपासणी केली?’ हे विचारा. नीट तपासणीचे वेगळे पैसे लावले तर कुरकुर नको. चुकीचा पार्ट बदलण्यापेक्षा ते परवडतात.

‘अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) गेला’ हे मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, न लावता मान्य करू नका. काही तास उभ्या गाडीत पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. जुन्या गाडीत इंजिन चालू असताना आकडा बहुधा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. तो वाढतच नसेल, तरी आधी बेल्ट, टर्मिनल आणि अर्थिंग बघायचं.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा ‘संपत’ नाही. बराच कमी झाला असेल तर गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा उडणारच. बिलात गॅस ग्रॅममध्ये लिहिलेला हवा. किती लागतो ते बहुधा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं.

खड्ड्यात खडखड आली की शॉकअपची जोडी बदलायची घाई होते. सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि बुश आधी हलवून बघायला सांगा. स्टिअरिंगचा टाय रॉड एंड बदलल्यावर चाकांचं अलाइनमेंट लागतंच, नुसत्या लिंक रॉडसाठी सहसा लागत नाही.

गंजाचा वेळ न धरणं

पंधरा वर्षांच्या गाडीचा एक्झॉस्ट स्टड (आट्यांचा बोल्ट) सोडवताना तुटू शकतो, आणि तो ड्रिल करून काढायला तास जातात. हा जादा वेळ खरा असतो. मात्र तुटलेला स्टड बघायला मागा, आणि गाडी सोडतानाच जॉबकार्डवर (गॅरेजच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) लिहून घ्या: एस्टिमेटच्या वर काम गेलं तर आधी फोन.

जुने पार्ट उशिरा मागणं

बिल हातात आल्यावर मागितले तर ते भंगारात गेलेले असतात. गाडी देतानाच सांगा. स्टार्टर, अल्टरनेटर किंवा कॅलिपर बदली तत्त्वावर घेतला असेल तर जुना परत द्यावा लागतो. तो नुसता बघून घ्या.

तेलाचं मापही बघा. पुस्तिकेत साडेतीन लिटर आणि बिलात पाच लिटरचा डबा असेल, तर उरलेलं तेल डिकीत हवं. ब्रेक ऑइल ‘बदललं’ आणि ‘वरून टाकलं’ यांतही फरक आहे: बदललं असेल तर चारही चाकांवर ब्लीडिंग (जुनं तेल आणि हवा बाहेर काढणं) झालेलं असतं.

शंका राहिलीच, तर दुसऱ्या गॅरेजला ‘किती घ्याल?’ असं मोघम विचारू नका. तेच पार्ट नंबर आणि तेच काम सांगून दर घ्या; कंपनीचा पार्ट आणि बाजारातला पर्यायी पार्ट यांची तुलना लावली, तर स्वस्त गॅरेज उगाचच प्रामाणिक दिसतं.