सोसायटीला पाणी पुरत नाही? टँकर वाढवण्याआधी या चुका टाळा

पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या, जलवाहिन्या मात्र मागे पडल्या. अशा भागांत पाणी कमी पडले की टँकर वाढवायचे आणि तेही परवडेनासे झाले की नवी बोअर मारायची, असा सोसायट्यांचा शिरस्ता झाला आहे. हातचे पाणी जाते कुठे, हे क्वचितच तपासले जाते.

माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले, तर चारशे रहिवाशांना ५४ हजार लिटर पुरायला हवेत. वापर याच्या दीडपट दिसत असेल, तर रात्री आवक आणि पंप बंद करून जमिनीखालच्या टाकीची पातळी मोजावी. सकाळी ती उतरलेली आढळल्यास टाकी झिरपते आहे. तसे नसेल, तर गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट (टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता गोळा) आणि घराघरांतील फ्लशच्या टाक्या पाहाव्यात.

दाब कमी म्हणून नळजोडाला थेट मोटर लावणे ही चूक बेकायदा तर आहेच, पण घातकही आहे. रिकाम्या होत आलेल्या वाहिनीतून मोटर पाणी ओढू लागली, की गळक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणीही आत खेचले जाते.

सर्वाधिक चुका रेनवॉटर हार्वेस्टिंगमध्ये होतात, कारण परवानगीपुरता खड्डा खणला की तो विसरला जातो. ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस झाला, तर साडेतीन लाख लिटर पाणी पडते. पण हे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या पुनर्भरण खड्ड्यातील वाळू-खडी मेअखेर धुतली नाही, तर तो जोराच्या सरीतच तुंबतो आणि पाणी रस्त्याला लागते. गच्चीवरची धूळ वाहून आणणारा पहिला पाऊस बाहेर सोडावा. पार्किंगमधले तेलकट पाणी तर बोअरमध्ये कधीही जाऊ देऊ नये, कारण खडकात उतरलेली घाण काढणे जवळजवळ अशक्य असते. आपला काळा बेसॉल्ट प्रामुख्याने भेगांत आणि झिजलेल्या थरांत पाणी धरतो. त्यामुळे बोअर दुप्पट खोल नेली की पाणीही दुप्पट लागेल, हा हिशेब येथे चालत नाही.

वीजबिल वाचवण्यासाठी सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवणे ही खोटी काटकसर आहे. हवा थांबली की घाण खाणारे उपयोगी जिवाणू मरू लागतात, दुर्गंधी सुटते आणि रहिवासी प्रकल्पातून आलेले पाणी फ्लशलाही नको म्हणतात. असा बंद पडलेला प्रकल्प पुन्हा सुरू करताना दुसऱ्या चालू प्रकल्पातील जिवाणूयुक्त गाळ आणून टाकावा आणि पाणी निवळेपर्यंत ते फ्लशच्या वाहिनीला जोडू नये.