बायोप्सीचा छेद घेण्याआधी, शेवटचा छेद कुठे असेल ते ठरवा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात नव्याने ऑर्थोची ओपीडी धरलेल्यांनो, चौदा-पंधरा वर्षांचं पोर येतं. गुडघ्याच्या वर सूज, दुखून रात्री जाग. आई म्हणते, "आंब्यावरून पडला, तेल चोळून घेतलं." पडल्याच्या गोष्टीवर विसंबू नका, एक्स-रे काढा. हाडाचं आवरण उचललेलं दिसलं तर हाडाच्या कॅन्सरच्या गाठीचा संशय धरा, चोळणं त्याच दिवशी बंद.

आणि तुम्हीही चाकू खाली ठेवा. "छोटा छेद घेऊन बघू" म्हणणाऱ्यांनी वाचू शकणारे पाय घालवलेत. बायोप्सीच्या, म्हणजे गाठीचा तुकडा तपासायला काढण्याच्या, वाटेवर गाठीच्या पेशी सांडतात. ती वाट कातडीसकट, गाठीला जोडलेलीच, अखंड काढावी लागते. छेद आडवा असला तर निरोगी स्नायू आणि कातडीही जाते, मग झाकायला काही उरत नाही. म्हणून छेद उभाच, पुढच्या ऑपरेशनच्या रेषेत. फीमरच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या, खालच्या टोकाला बाजूच्या व्हास्टस स्नायूमधून जा. क्वाड्रिसेप्सचं टेंडन (मांडीच्या पुढच्या स्नायूंचा कंडरा) आणि सांधा टाळा. खांद्याला डेल्टॉइड या खांद्यावरच्या स्नायूच्या पुढच्या भागातून. डेल्टॉइड आणि छातीचा स्नायू यांच्यामधल्या डेल्टोपेक्टोरल फटीतून कधीच नाही. ड्रेन (रक्त बाहेर काढणारी नळी) लागलाच तर छेदाच्या रेषेत, टोकाजवळ. अख्ख्या हाडाचा एमआरआय बायोप्सीच्या आधी. हाड मोडलेलं असलं तरी आत रॉड घालू नका, हाडाच्या पोकळीभर पेशी पसरतात. प्लास्टरचा स्लॅब देऊन पाठवा.

खरं तर बायोप्सी पुढे ऑपरेशन करणाऱ्यानेच करावी. परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला किंवा गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला आधी फोन करा. रात्री फोन उचलणारा एक सीनियर दहा कॉन्फरन्सांपेक्षा मोलाचा. पाठवण्यात कमीपणा नाही. आज बहुतेक मुलांचे पाय वाचतात. ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कॅन्सरात आधी सुमारे दहा आठवडे केमो चालते, तेवढ्यात आखणी होते.

पुढचं काम तिकडचं, पण समजून घ्या. एका पद्धतीत गाठीचं हाड कापून, मांस आणि मगज खरवडून, निर्जंतुक पिशव्यांत गुंडाळून त्याला एकदम ५० ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप) किरणं देतात आणि तेच हाड जागेवर प्लेटने बसवतात. कापलेली टोकं जिथे जुळतात त्या जोडाच्या फटीत नखही शिरता कामा नये. हाड मेलेलं असतं, म्हणून प्लेट त्याच्या पूर्ण लांबीची. सांध्याकडचा जोड लवकर धरतो, हाडाच्या मधल्या नळीकडचा वर्षभरही रेंगाळतो.

हा रेंगाळता जोड तुमच्याच ओपीडीत येणार आहे. दुखत नाही म्हणून पोर गणपतीत कुबड्या टाकून बाल्या नाचात उतरतं आणि प्लेट तुटते. गणपतीआधीच बोलावून दोन्ही जोडांचा एक्स-रे काढा, आणि तो आई-वडिलांना उजेडासमोर धरून दाखवा.