'सोमा' पहिल्यांदा खेळताना

स्वीडनमधील फ्रिक्शनल गेम्स या स्टुडिओने २०१५ साली आणलेला 'सोमा' हा भीतीदायक व्हिडिओ गेम केवळ दचकण्याच्या अपेक्षेने खेळायला घेतला, तर त्यातले सर्वांत मोलाचे हातून निसटते. टोरांटोत राहणाऱ्या सायमन जॅरेट या तरुणाच्या घरात ही कथा सुरू होते आणि थोड्याच वेळात त्याला उत्तर अटलांटिकच्या तळाशी असलेल्या पॅथॉस-२ या मोडकळीस आलेल्या संशोधन केंद्रात आणून सोडते. तिथे त्याच्या हाती एकही शस्त्र नसते. पुढचे कथानक मी येथे उघड करणार नाही. ते वाट्याला यावे यासाठी खेळावे कसे, एवढेच सांगतो.

हेडफोन अत्यावश्यक आहेत, कारण करकरणारे पोलाद, नळ्यांतून वाहणारे पाणी आणि दूरची पावले यांतूनच ही जागा जिवंत होते. सबटायटल्स सुरू ठेवावेत आणि खोलीत अंधार असू द्यावा.

सुरुवातीलाच मोडची, म्हणजे खेळण्याच्या प्रकाराची, निवड करायची असते. मूळ गेममधले राक्षस जीव घेतात. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या सेफ मोडमध्ये ते दिसतात, अंगावरही येतात, पण मारत नाहीत. अशा गेमची सवय नसलेल्यांनी निःसंकोच सेफ मोड घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. त्याने कथेतले काहीही कमी होत नाही. उलट एकाच बोगद्यात वारंवार मरून भीतीची जागा वैतागाने घेतली, की सायमनला पडलेल्या प्रश्नांकडे आपले लक्षच राहत नाही.

साधा मोड निवडलाच, तर पडद्यावरचे चित्र फाटल्यासारखे थरथरू लागताच राक्षस जवळ आहे हे ओळखावे, नजर दुसरीकडे वळवावी आणि वाकून आडोशाला जावे. सर्व राक्षस सारखे नाहीत. थीटा विभागात भेटणारे आंधळे आहेत आणि आवाजाचा माग काढतात, म्हणून तिथे धावणे टाळावे. क्युरी या बुडालेल्या जहाजावरच्या राक्षसाकडे मात्र पाहणेच धोक्याचे असते. जखमी झाल्यावर भिंतींवर उगवलेल्या मांसल फुलासारख्या गाठीत हात घातला की सायमन बरा होतो. ही कृती किळसवाणी वाटते, पण जखम भरून काढणारे ते नेमके काय आहे, याचा विचार पुढे उपयोगी पडतो.

खरा वेळ द्यायचा तो वाचण्याला आणि ऐकण्याला. टोरांटोतल्या घरातूनच ही सवय लावून घ्यावी: औषधाची बाटली शोधून पिणे एवढेच तिथले काम असले, तरी संगणकावरचे ईमेल आणि आजूबाजूच्या वस्तू पाहिल्याशिवाय बाहेर पडू नये. पॅथॉस-२ मध्ये काही मृतदेहांजवळ गेल्यावर त्यांच्या शरीरातील ब्लॅक बॉक्स या नोंद ठेवणाऱ्या यंत्रातले अखेरचे क्षण ऐकता येतात. ते एका ठिकाणी उभे राहून पूर्ण ऐकावेत. कॅथरीन चुन या संशोधिकेशी संवाद सुरू झाल्यानंतर तर चालत-चालत ऐकूच नये. ती सहज बोलून जाते त्या गोष्टींत पुढच्या आघाताची तयारी असते.

केंद्राच्या अप्सिलॉन या विभागात कार्ल सेम्केन भेटेल. आपण माणूस आहोत अशी त्याची पक्की खात्री आहे, पण आपल्याला दिसतो तो एक मोडका यंत्रमानव. पुढे जाण्यासाठी वीज हवी असते आणि ती मिळवण्याचा कोणताही मार्ग त्याला इजा केल्यावाचून राहत नाही. असे प्रसंग पुन्हा येतात. येथे 'योग्य उत्तर' इंटरनेटवर शोधू नये, कारण कथेचा शेवट या निवडींमुळे बदलत नाही. त्यांचे ओझे फक्त खेळणाऱ्याच्या मनावर राहते आणि म्हणूनच ती निवड स्वतः, थोडे थांबून, करायला हवी. मी कार्लसमोर बराच वेळ हात न हलवता उभा होतो, आणि तो वेळ वाया गेला असे मला आजही वाटत नाही.

सारा गेम साधारण दहा तासांचा आहे. तो चार-पाच रात्रींत विभागावा, पण शेवटचा टप्पा एकाच बैठकीत पूर्ण करावा, आणि क्रेडिट्स सुरू झाले म्हणून गेम बंद करू नये: त्यांच्यानंतर आणखी एक प्रसंग खेळायचा असतो.