डेटाबेस ‘परमिशन डिनाइड’ म्हणतोय? या चुका टाळा

लिनक्सवर डेटाबेस सर्व्हर फाइलच्या परवानगीवरून अडला, की हात आधी ७७७ कडे, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या देण्याकडे, जातो. पूर्ण डेटा डिरेक्टरीवर रिकर्सिव्ह (आतल्या प्रत्येक फाइलसकट) सीएचमॉड ७७७ ही परवानग्या बदलणारी कमांड चालवणं ही यातली सर्वात महागात पडणारी चूक. पोस्टग्रेसला डेटा डिरेक्टरीवर ०७०० (फक्त मालकाला प्रवेश) किंवा ११व्या आवृत्तीपासून ०७५० (गटालाही वाचता येतं) एवढंच चालतं. त्याहून सैल परवानगी दिसली, तर सर्व्हर सुरूच होत नाही. मायएसक्यूएलचं वागणं जास्त फसवं आहे. कॉन्फिग फाइलमध्ये कुणालाही लिहिता येत असेल, तर ती वाचलीच जात नाही, फक्त एक इशारा मिळतो. सर्व्हर चालू दिसतो, पण तुमच्या सेटिंग्जशिवाय. शिवाय मूळ परवानग्या पुसल्या जातात आणि त्या परत आणणारी कमांड नाही.

आधी एररचा क्रमांक बघा

लॉगमध्ये १३ असेल तर प्रवेश नाकारला गेलाय. १ असेल तर फाइलवर ‘इम्युटेबल’ (बदल करण्यास बंदी) खूण आहे का ते एलएसॲटर कमांडने तपासा. ती असेल तर रूटलाही (सर्वाधिकारी यूझर) फाइल बदलता येत नाही. ३० म्हणजे फाइलसिस्टिम रीड-ओन्ली झाली आहे. डिस्कमध्ये बिघाड आला की कर्नल (लिनक्सचा गाभा) असं करू शकतो, म्हणून डीमेसेज कमांडने त्याचे संदेश बघा. इथे सीएचमॉडचा काहीच उपयोग नाही.

फक्त शेवटचं फोल्डर तपासणं

डेटा फोल्डरची मालकी बरोबर असते, पण त्याच्या वरच्या एखाद्या डिरेक्टरीवर सर्व्हरच्या यूझरला एक्झिक्यूट परवानगी नसते. मग आत जाताच येत नाही. नेमआय कमांड ‘-एल’ पर्यायासह पूर्ण पाथवर चालवली, की प्रत्येक पायरीचा मालक आणि परवानग्या एकाखाली एक दिसतात. त्यानंतर सुडो -यू वापरून त्याच यूझरच्या नावाने फोल्डर वाचून बघा. रूट म्हणून केलेली चाचणी इथे काहीही सिद्ध करत नाही.

रूटचीच आणखी एक चूक: बॅकअप साध्या सीपी -आर या कॉपी कमांडने परत आणणं. नव्या फाइल्स रूटच्या नावावर जातात. मूळ मालकी जपणारं सीपी -ए वापरा. आधीच घोळ झाला असेल, तर फाइंडमध्ये ‘मालक मायएसक्यूएल नाही’ ही अट घालून तेवढ्याच फाइल्स शोधा आणि सीएचओनने मालकी दुरुस्त करा.

मालकी बरोबर, परवानगी बरोबर, तरी १३

डेटा डिरेक्टरी नव्या डिस्कवर हलवल्यावर हे हमखास होतं, आणि लोक तासन्‌तास सीएचमॉड करत बसतात. अडवणारा दुसराच असतो.

रेड हॅट घराण्यातल्या लिनक्समध्ये आधी एसईलिनक्सवर, म्हणजे फाइलवरच्या लेबलनुसार प्रवेश ठरवणाऱ्या सुरक्षा व्यवस्थेवर, संशय घ्या. गेटएन्फोर्स कमांड ‘एन्फोर्सिंग’ (चालू) सांगत असेल, तर एलएसला कॅपिटल झेड पर्याय देऊन लेबल बघा. मायएसक्यूएलच्या फाइल्सना मायएसक्यूएलडी_डीबी_टी, तर पोस्टग्रेसच्या फाइल्सना पोस्टग्रेसक्यूएल_डीबी_टी लेबल लागतं. सीमॅनेज एफकॉन्टेक्स्टने नव्या पाथचा नियम नोंदवा, मग तो फाइल्सना लावणारं रिस्टोअरकॉन चालवा. नुसतं सीएचकॉनने लेबल बदललं, तर पुढच्या रीलेबलला (लेबलं पुन्हा लावताना) ते जातं. एसईलिनक्स कायमचं बंद करणं हा उपाय नव्हे.

उबुंटूवर मायएसक्यूएलला ॲपआर्मरचं (प्रोग्रॅमला कुठले पाथ वापरता येतील ते ठरवणारी सुरक्षा व्यवस्था) प्रोफाइल असतं. कर्नल लॉगमध्ये ‘डिनाइड’ ओळ सापडली, तर नवा पाथ प्रोफाइलमध्ये घालून ते पुन्हा लोड करा. मारियाडीबीचा डेटा होम डिरेक्टरीखाली ठेवला असेल, तर तिच्या सिस्टिमडी युनिटमधली (सेवा सुरू करण्याच्या सेटिंग्जची फाइल) ‘प्रोटेक्टहोम’ ही ओळ तपासा.

कंटेनर आणि एसक्यूलाइट

कंटेनरमध्ये यूझरचं नाव नाही, यूआयडीचा (यूझरचा क्रमांक) आकडा चालतो. पोस्टग्रेसच्या अधिकृत डेबियन इमेजमध्ये तो ९९९, अल्पाइनमध्ये ७०. इमेज बदलली की जुना व्हॉल्यूम अडतो. एलएस -एन ने आकडे ताडून बघा.

एसक्यूलाइटमध्ये फक्त डेटाबेस फाइलला राइट परवानगी पुरत नाही. बदलांची तात्पुरती नोंद ठेवणारी जर्नल फाइल शेजारीच तयार होते, म्हणून त्या फोल्डरवरही राइट परवानगी हवी.